वेच्यांची शिदोरी

हैदराबाद शहरात मुसी नदी ओलांडून आगगाडी दक्षिणेकडे निघाली, की काचीगुड्यानंतर मलकपेठ स्टेशन लागते. गोवळकोंड्याचा सुलतान अब्दुल्ला कुतुबशहा याच्या पदरी असलेल्या मलिक याकूब नावाच्या सेवकावरून या पेठेस हे नाव पडले, असे सांगतात. पेठेनजीक अस्मानगढच्या टेकडीवर निजामाच्या चाकरीतील एका फ्रेंच सेनानीची समाधी आहे. त्याचे नाव रेमाँ. तो १७९८ साली वारला. ‘मस्यू रेमाँ’ हे परके नाव गावच्या जिभेला पेलणारे नव्हते. कोणी त्याचे ‘मूसा रहीम’ केले, कोणी ‘मूसा राम’ केले, आणि शेजारची वस्ती कायमची ‘मूसारामबाग’ होऊन बसली.

भाषा कानावाटे कशी येते, याचा हा चांगला मासला होय. कान व्याकरण पाहत नाही. त्याला जे जवळचे वाटते ते तो उचलतो. याच शहराच्या दखनी बोलीत मराठीतला ‘नको’ हा ‘नक्को’ होऊन शतकानुशतके नांदतो आहे. एखाद्या शब्दावर जोर देणारा मराठी ‘च’ तिथे ‘इच’ होऊन बसला आहे. मराठीचा एक धडाही न घेतलेला दुकानदार दिवसातून शंभर वेळा मराठीतून नकार देतो आणि त्याला त्याची दादही नसते. सहवासाने घडते ते असे, सहज आणि फुकट.

परंतु सहवासाने येणाऱ्या भाषेला एक मर्यादा असते. बाजारातून शब्द घरी येतात. ज्ञानेश्वर, मुक्तेश्वर, मोरोपंत येत नाहीत. भाषेचे जे संचित पिढ्यान्पिढ्या लिहून ठेवलेले असते, ते नव्याने शिकणाऱ्याच्या हाती पडावयाचे तर मधे कोणी तरी उभे राहावे लागते. त्याने स्वतः पुष्कळ वाचलेले असावे लागते, त्यातून थोडे निवडून सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने मांडावे लागते. अशा निवडक उताऱ्यांच्या पुस्तकास ग्रीक लोकांनी एक नाव दिले होते. त्याचा अर्थ ‘शिकावयास उपयोगी’ असा होतो, आणि युरोपातील विद्वान आजही अशा संग्रहांना त्याच नावाने ओळखतात. मराठीत त्याला साधा, घरगुती शब्द आहे: वेचे. शेतात सांडलेले दाणे वेचावेत, परड्यात पडलेली फुले वेचावीत, तसे हे वेचे. जुन्या मराठीत ‘वेचणे’ या क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे खर्च करणे. निवडणे आणि खर्ची घालणे या दोन्ही क्रिया एकाच शब्दात सामावल्या आहेत. वेच्यांच्या पुस्तकांचा इतिहास पाहिला, तर हा योगायोग अर्थपूर्ण वाटू लागतो.

या इतिहासाचे एक जुने आणि विलक्षण पान गोमंतकातील आहे. पोर्तुगीजांच्या पाठोपाठ १५४२ मध्ये येशूसंघाचे धर्मोपदेशक गोव्यात आले. लोकांना धर्म सांगावयाचा तर लोकांची भाषा आली पाहिजे, हे त्यांतील जाणत्यांनी लवकरच ओळखले. पण ती शिकावी कशी? छापील पुस्तक नव्हते, व्याकरण नव्हते, कोश नव्हता. तेव्हा त्यांनी लोकांत चालत असलेल्या कथाच रोमन अक्षरांत उतरवून घेतल्या. पोर्तुगालमधील ब्रागा या नगरीच्या सार्वजनिक ग्रंथालयात अशी हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. त्यांत रामायण-महाभारतातील कथा कोंकणी गद्यात आहेत, आणि पुराणकथांवरील मराठी पद्यरचनाही आहेत. मारिआनो सालदाना या गोमंतकीय विद्वानाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. परदेशी माणसाने भाषा शिकण्यासाठी लिहून घेतलेले हे पाठ होते. त्यांचा मूळ हेतू एवढाच होता.

याच काळातील दुसरी गोष्टही इतिहासाने नोंदलेली आहे, आणि ती झाकून चालणार नाही. त्याच सोळाव्या शतकात गोव्यात स्थानिक भाषांतील पोथ्या संशयावरून जप्त झाल्या आणि जाळल्या गेल्या. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन आले. पुढे २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. एका हाताने पोथी जळत होती आणि दुसऱ्या हाताने तीच कथा अभ्यासासाठी उतरून घेतली जात होती. काळाचा न्याय असा, की जाळणाऱ्यांचा हेतू पुरता सफल झाला नाही, आणि उतरून घेणाऱ्यांचा हेतू त्यांच्या कल्पनेपेक्षा फार मोठा झाला. कोंकणी गद्याचे जुने रूप कसे होते, हे पाहावयाचे असेल तर आज त्या शिकाऊ वह्याच उघडाव्या लागतात. परक्यासाठी बांधलेली शिदोरी शेवटी घरच्यांच्याच कामी आली.

या वातावरणातच फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी १५७९ मध्ये गोव्यास आला. त्याने स्थानिक बोलीचे व्याकरण रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राचोल येथे छापले गेले. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ पाहिला, म्हणजे त्याच्या कर्त्याने मराठी पुराणकवींची ओवी किती मन लावून ऐकली आणि वाचली असली पाहिजे, हे कळून येते. शब्दकोश पाठ करून अशी ओवी येत नाही. तिच्यासाठी आदर्श म्हणून कविता समोर असावी लागते. मराठी भाषेच्या गौरवाचा विषय निघाला, की स्टीफन्सने तिच्या स्तुतीसाठी लिहिलेल्या ओव्या आजही प्रथम आठवतात. जो स्वतः शिकाऊ म्हणून आला, त्याच्याच ओव्यांचे पुढे मराठी माणसांनी वेचे केले. १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाना यांनी हस्तलिखितांवरून ‘क्रिस्तपुराणा’ची नवी आवृत्ती काढली, तेव्हा हा ग्रंथ अभ्यासकांच्या हाती पुन्हा आला.

दुसरा टप्पा बंगालमधला आहे. कलकत्त्यास १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. इंग्रज कंपनीच्या तरुण अंमलदारांना देशी भाषा शिकविणे हे त्याचे काम होते. तिथे मराठी शिकविणारे विल्यम कॅरे यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण छापले आणि त्याला नित्याच्या विषयांवरील संवाद जोडले. पुढे १८१४ मध्ये ‘सिंहासन बत्तिशी’ आणि १८१५ मध्ये ‘हितोपदेश’ ही मराठी पुस्तके तिथूनच निघाली. त्यांच्यामागे वैजनाथ पंडितांची मदत होती. मराठी मुद्रणाचा हा पहाटेचा काळ महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर उजाडला, आणि तोही परक्या शिकणाऱ्याच्या गरजेतून.

घरच्या मुलांसाठी पुस्तके पाहिजेत, ही जाणीव त्यानंतरची. मुंबईस १८२२ मध्ये एल्फिन्स्टनच्या आश्रयाखाली शाळा आणि शालोपयोगी पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. मराठीत ती ‘हैंदशाळा पुस्तकमंडळी’ म्हणून ओळखली जाई. सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ मध्ये निघाली. गद्याची सोय अशी भाषांतरांनी होऊ लागली. इंग्रजीतून आलेल्या बोधकथा, विरामचिन्हे घातलेली सुटसुटीत वाक्ये, असा नवा थाट मराठीला चढू लागला. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पण मराठीचे स्वतःचे धन होते ते कवितेत, आणि ती कविता पोथ्यांच्या फडक्यांत बांधलेली होती. ती शाळेच्या बाकापर्यंत आणली परशुरामपंततात्या गोडबोले यांनी.

परशुराम बल्लाळ गोडबोले यांचा जन्म १७९९ चा. पेशवाईचा अस्त झाला तेव्हा ते ऐन विशीच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे जुन्या विद्येचा शेवटचा प्रहर आणि नव्या विद्येची सुरुवात या दोन्ही त्यांनी पाहिल्या. पंडितांनी मिळून केलेला महाराष्ट्र भाषेचा कोश १८२९ मध्ये निघाला, त्या पंडितांमध्ये ते होते. ‘वेणीसंहार’, ‘शाकुंतल’, ‘मृच्छकटिक’ अशा संस्कृत नाटकांची त्यांनी मराठी रूपे केली. कवितेच्या वृत्तांचे ज्ञान व्हावे म्हणून ‘वृत्तदर्पण’ लिहिले. या सर्वांत त्यांचे नाव घरोघर नेणारे पुस्तक म्हणजे १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘नवनीत’, मराठी कवितांचे वेचे.

नावातच सारे आले. ताक घुसळून लोणी काढावे, तसे शेकडो वर्षांच्या काव्यातून हे काढलेले. मुक्तेश्वराची ओवी, वामनाचा श्लोक, मोरोपंतांची आर्या हे सारे एका बांधणीत आले. त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली, तर या कामाचे मोल अधिक कळते. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘ज्ञानेश्वरी’ शिळाछापावर काढली ती १८४५ मध्ये. प्राचीन कवींचे ग्रंथ नेटाने छापणारा ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला १८७८ मध्ये. वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली ‘काव्यसंग्रह’ निघू लागला तो तर १८९० मध्ये. म्हणजे कित्येक कवींच्या बाबतीत वेचा आधी हाती आला आणि समग्र ग्रंथ मागाहून. फळाची फोड चाखून मग झाडाचा शोध घ्यावा, असा हा उलटा प्रवास होता. पण चव लागली म्हणूनच शोध सुरू झाला, हेही तितकेच खरे.

‘नवनीत’ शाळेसाठी रचले, पण ते शाळेत अडकून राहिले नाही. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि ते घरातल्या कोनाड्यात जाऊन बसले. ज्याला पोथी विकत घेणे परवडत नव्हते, त्याच्याकडेही हे एक पुस्तक असे. मराठी कविता म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर दोन-तीन पिढ्यांनी ‘नवनीता’त पाहिले. नव्या कवितेचे निशाण उभारणारे केशवसुत १८६६ मध्ये जन्मले. त्यांच्या पिढीच्या कानावर बालपणी पडलेली कविता ही अशीच वेच्यांतली होती. बंड करावयाचे तर ज्याच्याविरुद्ध करावयाचे तेही कोणी तरी हाती द्यावे लागते. ‘नवनीता’ने तेही दिले.

इथेच ‘वेचणे’ या शब्दाचा दुसरा अर्थ पुढे येतो. निवडणाराने जे घेतले ते जगले. जे घेतले नाही त्याचे काय झाले? पंडितांच्या नजरेत भरणारी कविता बहुतांशी पोथीतली, वृत्तबद्ध, पुराणाश्रयी. गोंधळी आणि शाहीर डफावर जे गात होते, ते शाळेच्या पुस्तकाच्या इभ्रतीचे समजले जात नव्हते. ऐतिहासिक पोवाड्यांचा मोठा संग्रह ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापला, तेव्हा कुठे त्यांना ग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली. जात्यावर बसून बायांनी रचलेल्या ओव्या तर त्याहून उशिरा कागदावर आल्या. साने गुरुजी आणि डॉ. सरोजिनी बाबर यांच्यासारख्यांनी त्या विसाव्या शतकात गोळा केल्या. बहिणाबाई चौधरी यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. महानुभावांचे तेराव्या शतकातील गद्य सांकेतिक लिपीत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडेपर्यंत मराठी गद्य इतके जुने आहे हे बाहेरच्या जगाला ठाऊकच नव्हते.

या साऱ्याचा दोष एकट्या गोडबोल्यांना देणे अन्यायाचे होईल. जे त्यांच्या काळी छापलेले नव्हते, उलगडलेले नव्हते, ते त्यांनी कोठून आणावे? परंतु त्यातून एक धडा घ्यावा लागतो. वेच्यांचे पुस्तक निष्पक्ष नसते. ते भाषेचे चित्र काढते, आणि शिकणारा त्या चित्रालाच भाषा समजतो. घरचे मूल निदान जात्यावरची ओवी आजीच्या तोंडून ऐकू शकत होते. पुस्तकाने सोडलेले त्याला कानाने मिळत होते. ज्याच्या कानाशी ती आजीच नाही, त्याला पुस्तकाबाहेर काही नाही.

ही स्थिती ज्यांनी जवळून अनुभवली, त्यांत हैदराबाद संस्थानातील मराठी माणूस येतो. तेव्हाच्या औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांची भाषा मराठी. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सारे विषय उर्दूतून शिकविले जात. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, आणि त्यासाठी उभारलेल्या भाषांतरसंस्थेने केलेले काम मोठे होते. पण संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती. त्यांच्या मुलांच्या वाट्याला आपली भाषा आली ती एक विषय म्हणून. इतिहास उर्दूत, गणित उर्दूत, शास्त्र उर्दूत, आणि मराठीच्या तासाला एक वेच्यांचे पुस्तक. भूमिती विसरली तरी चालेल, पण त्या पुस्तकातील आर्या विसरता कामा नये, अशी घरच्यांची आस असली तर नवल नव्हते.

या भुकेपोटीच संस्था उभ्या राहिल्या. हैदराबाद शहरात १९०७ मध्ये विवेकवर्धिनी पाठशाळा निघाली. केशवराव कोरटकरांसारखी माणसे तिच्या मागे होती. १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादेस भरले आणि ज्ञानकोशकार केतकर त्याचे अध्यक्ष झाले. शाळा, ग्रंथालय आणि संमेलन या तिन्ही गोष्टींचा परस्परसंबंध पाहण्यासारखा आहे. शाळेतील वेच्याने गोडी लागते. ग्रंथालयात त्या वेच्याचा समग्र ग्रंथ मिळतो. संमेलनात आजचे लिहिणारे भेटतात. वेचा एकटा राहिला तर सुकतो. त्याला पुढची वाट मिळाली, म्हणजेच तो बी म्हणून रुजतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले, आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. नकाशावरची रेघ सरकली. पण शहरातील मराठी कुटुंबे आपापल्या मोहल्ल्यांतच राहिली. १९६७ मध्ये पुण्यास बालभारती स्थापन झाली आणि महाराष्ट्रातील मुलांच्या वाचनपुस्तकांची सोय झाली. रेघेच्या अलीकडे राहिलेल्या मुलाला मात्र शाळेत तेलुगू, इंग्रजी, हिंदी, रस्त्यावर दखनी, आणि मराठी फक्त उंबरठ्याच्या आत. स्वयंपाकघरात चालते तेवढी मराठी त्याला येते. तो ‘नको’ म्हणतो, पण त्याच्या शेजारचा दुकानदारही ‘नक्को’ म्हणतो. दोघांत भेद उरावा असे जे काही आहे, ते त्याला पुस्तकानेच द्यावयाचे आहे.

अशा मुलासाठी वेचे निवडावयाचे तर ते कसे असावेत? मागील चारशे वर्षांचा अनुभव काही गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली ही, की वेचा लहान असला तरी पुरा असावा. सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली एखादी कथा मनात राहते. मधूनच तोडलेली पंधरा वाक्ये राहत नाहीत. ब्रागाच्या वह्यांत शब्दांच्या याद्यांऐवजी कथा उतरवून घेतल्या, म्हणूनच त्या वाचनीय राहिल्या. दुसरी गोष्ट, निवडणाराने आपली आवड ही भाषेची सीमा समजू नये. पंताच्या आर्येशेजारी जात्यावरची ओवी बसावी, शाहिराचा पोवाडा बसावा, वऱ्हाडची, कोकणची, मराठवाड्याची बोली आपापल्या वेशात यावी, आणि स्टीफन्सच्या ओवीला परकी म्हणून बाहेर उभे करू नये. तिसरी, कठीण शब्दाचा अर्थ खाली द्यावा, पण शब्दच बदलून तो सोपा करू नये. जुन्या शब्दाला ठेच लागली तरी चालते. त्या ठेचेनेच तो लक्षात राहतो. आणि चौथी, प्रत्येक वेच्याखाली तो कोणत्या ग्रंथातला आहे ते लिहावे, म्हणजे ज्याला भूक आहे त्याला पुढचे घर सापडेल.

शिदोरी बांधणारी गृहिणी सारे कोठार बांधून देत नाही. वाटेत काय टिकेल, काय नासेल, कुठे पाणी मिळेल, याचा विचार करून ती चार वस्तू फडक्यात घालते. पुढची वाट चालणाऱ्याची असते. पण त्या चार वस्तू निवडताना तिला चालणाऱ्याची भूक ठाऊक असावी लागते. भाषेचे वेचे निवडणाऱ्याकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. राचोलच्या त्या येशूसंघीयांना आपण कोंकणीचे जुने गद्य राखून ठेवीत आहोत याची कल्पना नव्हती. आपले शालेय पुस्तक घरोघरचा काव्यग्रंथ होईल, हे गोडबोल्यांनीही कदाचित धरून चालले नसेल. जे वेचले जाते ते किती लांब जाईल, हे वेचणाऱ्याला कधीच दिसत नाही. म्हणून ते जपून वेचावे, आणि हात आखडता घेऊ नये.